हातभार

आमच्या पुतणीचे लग्न ठरले आणि घर सजवण्याची बोलणी सुरू झाली, तेव्हाची ही गोष्ट आहे. आमचे घर जुने. पुढच्या खोलीत खिडकीला लागून एक सागवानी पलंग असे. आमच्या वडिलांनी तो गावच्या सुताराकडून करवून घेतला, त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. वडील गेल्यापासून आमच्या आईचा सारा दिवस त्या पलंगावर जातो. तिथे बसून ती भाजी निवडते, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करते, दुपारी तिथेच पाठ टेकते आणि संध्याकाळी जपमाळ हाती घेऊन तिथेच बसते. लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक चांगला सोफा घ्यावा, असे मुलांच्या मनात होते. सोफा मावेल अशी जागा खोलीत एकच होती, ती पलंगाची.

पुतणीने आपला मोबाईल काढला. फर्निचरच्या एका दुकानाचे ॲप तिने त्यात घेतले होते. तिने फोन फरशीसमोर धरून थोडा इकडेतिकडे फिरवला, आणि पाहता पाहता त्याच्या पडद्यावर आमच्याच खोलीत एक करड्या रंगाचा सोफा येऊन बसला. त्याची सावलीसुद्धा फरशीवर पडली होती. एका बोटाने ढकलला की तो सरके, दोन बोटांनी पिळल्यासारखे केले की वळे. आम्ही सारे फोनभोवती गोळा झालो. "काका, खिडकीशी कसा शोभतो बघा ना," असे म्हणत तिने सोफा ओढून नेमका पलंगावर आणून ठेवला. पडद्यावरचा पलंग दिसेनासा झाला.

एवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि नेहमीप्रमाणे आपल्या पलंगावर बसली. फोनमध्ये मात्र ती सोफ्याच्या आत गडप झाली. वर दिसत राहिले ते फक्त तिचे पांढऱ्या केसांचे डोके. "अगं बाई, आजी सोफ्यात बुडाली!" असे कोणीतरी ओरडले आणि सगळे हसले. आम्हीही हसलो. सारे का हसताहेत हे न कळता आईही हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या पंख्याच्या वायरीचे मोजमाप घेत होता. तो म्हणाला, "सोफ्याच्या जागेपासून बटणापर्यंत आठ फूट." सोफा अजून दुकानातच होता. पलंग जागच्या जागी होता आणि त्यावर बसून आमची आई तांदूळ निवडत होती. तरीही त्या जागेचे नाव बदलून गेले होते. ते शब्द ऐकून आमच्या मनात जो प्रश्न उभा राहिला, तोच आज वाचकांपुढे ठेवावा असे वाटते. ज्या वस्तूला वजन नाही, ती हलवताना कोणाला विचारावे लागते काय? आणि लागत नसेल, तर न विचारण्याची ही सवय आपल्याला कोठवर नेईल?

एखादी गोष्ट समजून न घेता तिला दोष देणे न्यायाचे नव्हे, म्हणून हे सारे कसे घडते ते आम्ही आधी समजून घेतले. फोनचा कॅमेरा खोलीकडे पाहतो आणि तिच्यातले ठळक ठळक बिंदू टिपून ठेवतो. फरशीवरचा एखादा डाग, पलंगाच्या पायाची कड, चटईची वीण, असे काहीही त्याला चालते. फोन हलला की पडद्यावर हे बिंदू सरकतात. फोन कोणत्या बाजूला किती हलला आणि किती वळला, हे त्याच वेळी त्याच्या पोटातले बारीक संवेदक मोजत असतात. या दोहोंचा मेळ घालून फोन आपण खोलीत नेमके कोठे आहोत हे सतत ठरवत राहतो आणि त्या हिशेबाने सोफ्याचे चित्र पुन्हा पुन्हा रेखाटतो. म्हणून आपण फोन घेऊन चालत गेलो तरी सोफा जागचा हलत नाही असे वाटते. खोलीत अंधार असेल किंवा फरशी अगदी गुळगुळीत, एकरंगी आणि चकचकीत असेल, तर मात्र त्याला धरायला काही सापडत नाही आणि वस्तू तरंगू लागते. आमच्या फरशीवर सोफा इतका स्थिर बसला, कारण ती पन्नास वर्षे वापरलेली, ओरखड्यांनी भरलेली फरशी आहे. त्या ओरखड्यांतले कित्येक त्या पलंगाच्याच पायांचे आहेत.

मग आई का बुडाली? फोनला फरशी कळत होती, पण तिच्यावर वावरणारे माणूस कळत नव्हते. आधी कॅमेऱ्यात दिसणारी खोली आणि तिच्यावर सोफा, असा चित्राचा क्रम ठरलेला होता. त्यामुळे समोर कोणीही आले तरी सोफा त्याच्यावरच चढणार. ॲपलने आपल्या फोनांसाठी एआरकिट नावाचा साधनसंच २०१७ साली दिला आणि त्यानंतर २०१८ साली गूगलचा एआरकोर आला. त्यांच्यामुळे ही विद्या साध्या घरांपर्यंत पोहोचली. समोरचे माणूस ओळखून आभासी वस्तू त्याच्या मागे दडवण्याची सोय ॲपलने २०१९ साली आणली, तीही सर्व फोनांना लाभली नाही. खोलीत माणूस वस्तूच्या पुढेही असू शकतो, हे यंत्राला नंतर वेगळे शिकवावे लागले.

या विद्येला इंग्रजीत ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. मराठीत काही जण संवर्धित वास्तव म्हणतात. ती आजची नव्हे. आयव्हन सदरलँड या अमेरिकी संशोधकाने १९६५ साली एक छोटा निबंध लिहिला. संगणकाच्या ताब्यात असलेल्या एका खोलीची कल्पना त्यात त्याने मांडली होती. तिथे दाखवलेली खुर्ची बसता येईल इतकी खरी असेल आणि तिथली बंदुकीची गोळी जीवही घेईल, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १९६८ साली त्याने डोक्यावर चढवण्याचे एक यंत्र करून दाखवले. ते घातले की समोरच्या खोलीत रेघांचा एक ठोकळा अधांतरी तरंगताना दिसे. पण ते यंत्र असे अवजड होते की त्याला छतापासून आधार द्यावा लागे. वजन नसलेला ठोकळा पाहण्यासाठी माणसाला एवढे ओझे सोसावे लागत होते.

पुढे १९९० च्या सुमारास विमाने बांधणाऱ्या बोइंग कंपनीतील टॉम कॉडेल यांनी या विद्येला तिचे आजचे नाव दिले. विमानातल्या तारांच्या जुड्या बांधणाऱ्या कामगाराला कोणती तार कोठून न्यायची हे डोळ्यांसमोरच दिसावे, असा त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्याचा हेतू होता. म्हणजे या नावाचा जन्म कष्टकरी हाताला साहाय्य करण्यासाठी झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९९९ साली जपानच्या हिरोकाझू काटो यांनी एक संगणक प्रणाली तयार केली. कागदावर छापलेली काळी चौकट कॅमेऱ्याने पाहिली की त्या चौकटीवर घन वस्तू उभी करणे तिच्यामुळे सोपे झाले. स्वीडनचे अँडर्स हेन्रिसन, न्यूझीलंडमधील मार्क बिलिंगहर्स्ट आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली ही किमया त्या वेळच्या बटणांच्या मोबाईलवर आणली. फोन हीच जणू हाताची मूठ, असे धरून पडद्यावरची वस्तू उचलावी, हलवावी, फिरवावी, याचे प्रयोग त्यांनी केले. त्यांनी टेनिसचा एक खेळही रचला. दोन माणसे समोरासमोर बसत आणि मधल्या टेबलावर फोनमधून टेनिसचे मैदान दिसे. हातातला फोन हीच बॅट. चेंडूला फटका बसला की फोन आवाज करी आणि हातात थरथरे.

ही थरथर आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. डोळ्यांना चेंडू दिसत होता, कानांना आवाज येत होता. तरी हाताला काहीतरी लागल्याशिवाय फटका पुरा होत नाही, हे त्या संशोधकांनी ओळखले होते. हात हा मोठा चिकित्सक असतो. डोळा सहज फसतो, हात तितका सहज फसत नाही. तथापि थरथर म्हणजे वजन नव्हे. वजन आपल्याला विरोध करते आणि आपली ताकद किती हे दाखवून देते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपली ताकद पुरत नाही तेव्हा ते आपल्याला दुसऱ्याच्या दारी पाठवते.

तो पलंग सुताराच्या घरून बैलगाडीतून आला, ते आम्हांला आठवते. दारातून आत घ्यायला वडील एकटे पुरे पडेनात, तेव्हा ते शेजारी गेले आणि "जरा हात लावता का?" एवढेच म्हणाले. चौघे जण आले. त्यांतल्या एकाशी वडिलांचे बांधाच्या वादावरून बोलणे नव्हते, पण हाक कानी पडल्यावर तोही आला. पलंग आत गेला आणि चहा झाला. वाद मिटला असे नव्हे, परंतु बोलणे सुरू झाले. आपल्या गावांतले कितीतरी संबंध असे जड वस्तूंनी जोडलेले आहेत. लग्नाचा मांडव, विहिरीवरचा पंप, घराचे आढे, आणि शेवटी माणसाची शवपेटी, यांपैकी एकही एकट्याला उचलत नाही. मराठीने साहाय्याला मोठा नेमका शब्द दिला आहे, हातभार. त्यात हात आहे आणि भारही आहे. भारच नसेल तर दुसऱ्याचा हात मागण्याचे कारण काय उरले?

हात मागण्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते. आपण ज्याला बोलावतो त्याला तोंड असते. तो पलंगाला हात लावण्याआधी विचारतो, "कशाला हलवता? आहे तिथे काय वाईट आहे?" कधी तो म्हणतो, "म्हातारीला विचारलंत का?" हा प्रश्न आपल्याला आवडत नाही, पण तो आपल्याला सावरतो. जड वस्तू हलवायची म्हणजे आपला बेत चार लोकांपुढे उघडा करणे आले, आणि उघडा केलेला बेत पुष्कळदा आपल्यालाच नीट दिसू लागतो. फोनमधला सोफा पुतणीच्या एका बोटाने हलला. तिला कोणाला हाक मारावी लागली नाही, आणि म्हणून तिला प्रश्न विचारणाराही कोणी नव्हता. त्यात तिची चूक कमी आणि आमची अधिक. आम्ही घरातले वडीलधारे तिथेच उभे होतो, आणि आम्ही फक्त रंगाविषयी बोललो.

यावर कोणी म्हणेल की, हा तर निव्वळ आभास होता. फोन बंद केला की सोफा गेला, मग बिघडले काय? शिवाय असे करून पाहण्यात शहाणपणच आहे. सोफा दारातून मावेल की नाही हे तो आणण्याआधी कळले तर पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचतात. शाळेतल्या मुलांना माणसाचे हृदय टेबलावर ठेवून चारी बाजूंनी फिरवून पाहता आले, त्याच्या झडपा कशा उघडतात हे आतून पाहता आले, तर फळ्यावरच्या चित्राने जे साधत नाही ते साधेल. हे सारे आम्हांला मान्य आहे. कल्पना नेहमी बिनवजनाचीच असते. सुतारसुद्धा पलंग आधी मनात करतो, मग लाकडात. मनातल्या मनात वस्तू हलवणे हे पाप असते, तर जगात एकही घर बांधले गेले नसते.

तथापि येथे एक भेद करायला हवा. टेबलावर दिसणारे हृदय ज्या जागी उभे राहते, ती जागा रिकामी असते. तेथे कोणी राहत नाही. आमच्या खोलीतली खिडकीजवळची जागा रिकामी नव्हती. कागदावरचा नकाशा आपण नकाशा आहोत हे कबूल करतो. ही विद्या मात्र आपला आभास खऱ्या माणसांच्या खऱ्या जागेवर, सावलीसकट, आणून बसवते, आणि ज्याच्या हाती फोन त्यालाच ते दिसते. ज्याच्या जागेवर ते बसवले, त्याला त्याचा पत्ताही नसतो. फोन बंद झाल्यावर सोफा गेला हे खरे, पण आमच्या पुतण्याच्या तोंडी 'सोफ्याची जागा' हा शब्द राहिला. आभास पुसला गेला तरी त्याने मनात करून ठेवलेला निर्णय पुसला जात नाही.

घरातली ही गोष्ट जगात मोठ्या प्रमाणावर घडून गेली आहे. २०१६ च्या जुलै महिन्यात पोकेमॉन गो नावाचा खेळ आला. फोन घेऊन रस्त्याने हिंडायचे आणि खऱ्या जागी उभे असल्यासारखे दिसणारे काल्पनिक प्राणी पकडायचे, असा तो खेळ होता. काही दिवसांतच पोलंडमधील ऑश्विट्झच्या स्मारकाला जाहीर विनंती करावी लागली की, आमची जागा या खेळातून वगळा. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयानेही भेटीला येणाऱ्यांना तेथे हा खेळ न खेळण्याची विनंती केली. आपल्याकडे त्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयात याचिका आली. खेळात मिळणारी अंडी देवळांच्या जागी दिसतात, आणि त्यामुळे भाविकांच्या भावना दुखावतात, अशी तक्रार तिच्यात होती. खेळ रचणाऱ्यांच्या मनात कोणाचा अपमान करण्याचा हेतू होता असे आम्ही मानत नाही. त्यांनी नकाशावर ठळक ठिकाणे पाहिली आणि त्यांवर आपल्या वस्तू मांडल्या. त्या ठिकाणी कोणी मरून पडले होते, कोणी हात जोडून उभे होते, हे त्या नकाशाला दिसत नव्हते. आमच्या फोनलाही आई दिसली नव्हती.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच आहे. वस्तूंचे वजन आजवर आपल्या वतीने एक काम करीत आले. ते आपल्याला थांबवीत होते, दुसऱ्याला बोलावणे भाग पाडीत होते आणि विचारायला लावीत होते. ज्या वस्तू बोटाने हलतात, त्या हे काम करणार नाहीत. ते आता आपल्यालाच करावे लागेल. पूर्वी जे गरजेपोटी विचारत होतो, ते यापुढे आठवणीने विचारावे लागेल. गरजेने आलेल्या चांगुलपणापेक्षा आठवणीने केलेला चांगुलपणा अवघड असतो, कारण तो चुकला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे सारे आम्ही पुतणीपाशी बोललो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग उठून आईपाशी जाऊन बसली, पुन्हा तो सोफा काढला आणि फोन आईच्या हाती देत म्हणाली, "आजी, तूच ठेवून बघ." आईचे बोट कोरडे, कष्टाने झिजलेले. पडद्याला ते कळेना. तेव्हा प्रार्थनेच्या पुस्तकाचे पान उलटताना करते तसे तिने बोट जिभेला लावून ओले केले, आणि सोफा हलला. तिने तो समोरच्या भिंतीला लावला, तर दार अडले. मधोमध आणला, तर वाट उरली नाही. मग पुतणीने तिला उठवून चार पावले दूर उभे केले, आणि आईने सोफा स्वतःच आपल्या पलंगावर नेऊन ठेवला. बराच वेळ ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"दिसतो बरा," ती म्हणाली. "पण मग दुपारी मी पाठ कुठे टेकू?"

आमच्यापैकी कोणापाशी उत्तर नव्हते. ते शोधायला दोन दिवस लागले. पलंग आतल्या खोलीत न्यावा असे एकाने सुचवले. तिथे दिवसा उजेड नाही, म्हणून आईने नकार दिला. सोफाच घेऊ नये असे आम्ही म्हणालो, तेही तिला पटले नाही. नातीच्या सासरची माणसे काय लाकडी बाकावर बसणार, असे तिने आम्हांलाच विचारले. शेवटी तोड तिनेच काढली. जाळी बसवलेल्या पडवीत पलंग ठेवायचा, तिथून रस्ताही दिसतो आणि फाटकातून येणारा माणूस आधी तिला भेटतो. पावसाची झड येऊ नये म्हणून पडवीला एक ताडपत्री मात्र लावून द्यायची. ही जागा आम्हां कोणालाच सुचली नव्हती, कारण आम्ही सारे फोनमध्ये पाहत होतो आणि फोन खोलीतच फिरत होता.

रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही शेजारी गेलो. पन्नास वर्षांपूर्वी ज्या दारात वडील उभे राहिले होते, त्याच दारात उभे राहून आम्ही तेच म्हटले, "जरा हात लावता का?" ज्यांनी तेव्हा हात लावला होता, त्यांचे मुलगे आणि नातू आले. पलंग काही हलका झालेला नव्हता. दारात तो अडकला, तिरका करावा लागला, एकाचे बोट चेमटले. घाम पुसत एक तरुण म्हणाला, "एवढा जड पलंग कशाला हलवता हो? आजी बसते ना इथे?"

आम्ही काही बोलण्याआधीच पडवीतून आईचा आवाज आला, "मीच सांगितलंय रे बाबा. आण इकडे."